शिष्यवृत्तीचा पैसा दिल्लीहून येवो, चूक तालुक्यातच दुरुस्त व्हावी

महोदय,

शालेय शिष्यवृत्तीचा पैसा केंद्राने थेट खात्यात टाकावा की शाळा आणि जिल्हा परिषदेमार्फत वाटावा, या वादात एनएमएमएसकडे, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतील हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीकडे बघावे. २००८ साली सुरू झालेली ही शिष्यवृत्ती आठवीत परीक्षा देऊन मिळते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, पैसे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून येतात. निवड यादीत नाव लागले की पालकांना गंगेत घोडे न्हाल्यासारखे वाटते. खरी कसरत त्यानंतरच सुरू होते.

यादीतले नाव आधारवरच्या नावाशी जुळले नाही तर अर्ज अडकतो. वडिलांचे ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत शाळेच्या दप्तरी एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. त्यात आडनाव आधी की शेवटी हा घोळ वेगळाच. बँकेत विचारावे तर ‘आधार लिंक आहे’ असे उत्तर मिळते, पण ते बहुतेकदा केवायसीपुरते, म्हणजे ओळख पटवण्यापुरते असते. थेट लाभासाठी खाते एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या) नोंदीत आधारशी जोडलेले लागते आणि सर्वांत शेवटी जे खाते तिथे जोडले गेले, त्यातच पैसे पडतात. सिमकार्ड घेताना कुणी पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले असेल तर रक्कम तिकडे, आणि आई मात्र जिल्हा बँकेत पासबुक भरून बघते आहे. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दोन मिनिटांत दिसते. अर्ज भरण्याआधी ते बघाच.

सर्वांत जास्त गळती अकरावीत दिसते. दहावीला आवश्यक ते ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) मिळवलेली मुलेही सुटतात, कारण नूतनीकरण दरवर्षी करायचे असते हेच घरी माहीत नसते. त्यात कनिष्ठ महाविद्यालय नवे, यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) नवा, आणि तिथले पोर्टलचे लॉगिन बदली होऊन गेलेल्या लिपिकाच्या मोबाइलला जोडलेले. ओटीपी जातो त्याच्याकडे. विनाअनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेतला तर शिष्यवृत्तीच थांबते, हेही प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

पडताळणी आधी शाळा करते, मग जिल्हा. त्रुटी असेल तर ‘डिफेक्ट’ नोंदवायचे, म्हणजे अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे परततो. घाईत ‘रिजेक्ट’ दाबले गेले की त्या वर्षाचे १२,००० गेले. गटशिक्षणाधिकाऱ्यांना ते दिसले तरी काही करता येत नाही.

म्हणून पैसा परत शाळेकडे द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. मार्चअखेर निधी परत जाण्याची आणि कागदोपत्री वाटपाची ती पद्धत पुन्हा नको. आपल्याच राज्यात महाविद्यालयांनी बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती उचलल्याची चौकशी विशेष पथकाला करावी लागली होती. पण पोर्टल आले की चोरी थांबते, हाही भाबडेपणाच. २०२३ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या १,५७२ संस्था तपासल्या, तर ८३० बोगस किंवा बंद निघाल्या. नुकसान १४४.८३ कोटींचे, तपास सीबीआयकडे. हे सगळे अर्ज याच पोर्टलवर, पडताळणीचे टप्पे पार करून मंजूर झाले होते. त्या पत्त्यावर शाळा भरते की नाही, हे गावातल्या कोणीही सांगितले असते.

लहान रकमांचा हिशेब निराळा आहे. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीत पाचवी ते सातवीच्या मुलीला दरमहा ६० रुपये, दहा महिन्यांचे ६००. त्यासाठी आईने बँकेत दोन-तीन खेपा घातल्या की तेवढी मजुरीच बुडते. २०१७ मध्ये दोन गणवेशांचे ४०० रुपये आई आणि मुलाच्या संयुक्त खात्यात टाकायचे ठरले, तेव्हा खाते उघडायलाच कितीतरी ठिकाणी त्याहून जास्त पैसे लागत होते. पुढे २०२४ मध्ये राज्यस्तरावर कापड घेऊन बचत गटांकडून शिलाई करण्याचा घाट घातला गेला. गणवेश उशिरा आले, मापे चुकली आणि त्याच डिसेंबरात काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. वर्षाला हजार रुपयांच्या आतले सगळे लाभ तिच्याकडेच ठेवावेत.

मोठ्या रकमा मात्र थेट खात्यातच जाव्यात. नाव, यूडायस क्रमांक आणि नोडल शिक्षकाचा (शाळेत पोर्टलचे काम बघणाऱ्याचा) मोबाइल बदलण्याचा अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या लॉगिनला द्यावा. बदल कोणी आणि का केला याची नोंद राहावी. मंजूर यादी शाळेच्या फलकावर आणि ग्रामसभेत लावावी. हे सगळे जमायला वेळ लागणार असेल, तर निदान ‘रिजेक्ट’ झालेला अर्ज पंधरा दिवसांत तालुक्यातून पुन्हा उघडण्याची सोय यंदाच्या मुदतीआधी करावी. त्याला वेगळा निधी लागत नाही.

– काही माध्यमिक मुख्याध्यापक, जि. सातारा