‘शुद्ध तांबे’ छापलेल्या वायरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : २.५ चौरस मिलिमीटर वायरची दोन बंडलं बदलून मिळण्याबाबत

महोदय,

एप्रिलमध्ये इतवारीतल्या आपल्या विक्रेत्याकडून मी या वायरची ९० मीटरची दोन बंडलं घेतली. वेष्टनावर ‘शुद्ध तांबे’ छापलेलं आहे, आयएसआयचं चिन्हही आहे. एक बंडल वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीत पाइपातून ओढलं. तेव्हापासून एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की पंख्याचा वेग पडतो. आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, “नागपुरात उन्हाळ्यात कूलर-एसीचा लोड असतो, व्होल्टेज वरूनच कमी येतं, वायरचा दोष नाही.”

चोवीस वर्षं मी नववीला धाराविद्युत शिकवली आहे. हे उत्तर मला पटलं नाही. तापमान तेच असेल, तर तारेच्या दोन टोकांमधलं विभवांतर (व्होल्टेज) आणि तिच्यातून जाणारी धारा (करंट) यांचा भागाकार, म्हणजेच तारेचा रोध, बदलत नाही. जर्मन शास्त्रज्ञ ओहमने १८२७ साली हेच मांडलं. वरून व्होल्टेज कमी आलं तर धाराही त्याच प्रमाणात उतरेल. रोध तोच राहील, कारण तो वायरचा आहे, वीज कंपनीचा नाही.

म्हणून न वापरलेलं बंडल मी तपासलं. शाळेतून धारा कमी-जास्त करणारा ऱ्होस्टॅट आणला आणि इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर धारा बदलत गेलो. अर्ध्या अँपिअरला ०.६० व्होल्ट, एकाला १.१९, दोनाला २.४१. आलेखाची रेघ सरळ आली. म्हणजे मोजणीत गडबड नाही, आणि रोध १.२ ओहम आहे.

तांब्याच्या अशा लवचीक वायरचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ७.९८ ओहमच्या वर जाता कामा नये. ९० मीटरला तो ०.७२ होतो. त्या दुपारी खोलीत ४० अंश होतं. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, तेवढी सूट दिली तरी ०.७८. आपली वायर त्याच्या दीडपट आहे.

मग वायरमनने टोक सोलून तारा पिळल्या. दोन तारा कटकन तुटल्या. बाहेरून तांबूस, तुटल्या जागी पांढऱ्या. ब्लेडने खरवडल्यावर तांब्याचा पातळ मुलामा निघाला. आत अ‍ॅल्युमिनियम आहे.

रोध दीडपट म्हणजे तेवढ्याच धारेला उष्णताही दीडपट. माझ्या घरी जाऊन-येऊन ६० मीटर वायर आहे. १२ अँपिअरला तांब्यात साधारण ७५ वॉट उष्णता झाली असती, या वायरमध्ये ११५ होते. तीही मे महिन्यात, दिवसभर उन्हाने तापलेल्या भिंतीच्या आत. त्या खोलीत माझी नात झोपते. तूर्त मी तिथला एमसीबी उतरवून ठेवला आहे.

आठ दिवसांत दोन्ही बंडलांऐवजी तांब्याची वायर द्यावी, भिंतीतली वायर बदलण्याची मजुरी भरून द्यावी आणि याच बॅचचा माल दुकानांतून परत घ्यावा. हा माल आणखी कुणाच्या भिंतीत गेला असेल, याची मला खरोखर काळजी वाटते. उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत : बिलाची प्रत, आलेख, तुटलेल्या तारांचे तुकडे.

आपला ग्राहक,
निवृत्त विज्ञान शिक्षक, नागपूर