'अस्सल लेदर' छापलेल्या बॅगेचे पोपडे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बॅगेच्या लेबलवरील खोटी माहिती आणि फेटाळलेली तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीची खांद्याला लावायची बॅग मी चौदा महिन्यांपूर्वी एका छोट्या गावातल्या चामड्याच्या वस्तूंच्या दुकानातून घेतली. पट्टे, पाकिटे, चपला आणि मोजक्या बॅगा, एवढाच तिथला माल. दुकानदार पट्टा वाकवून दाखवतात, त्याची कापलेली कड बघायला लावतात, कारण आत काय आहे ते कडेवर दिसते. आपल्या बॅगेची कड मात्र पायपिंगमध्ये, म्हणजे कडेवरून दुमडलेल्या पट्टीत, शिवून टाकलेली आणि आतून अस्तर, त्यामुळे दाखवायला काही उरलेच नव्हते. त्यांनी लेबल दाखवले. त्यावर 'अस्सल लेदर' असे छापले होते. त्यावर विसंबून मी बॅग घेतली.

आठव्या महिन्यात, पट्टा जिथे जोडला आहे तिथे बारीक चीर दिसली. नख लावले तर वाळलेल्या खपलीसारखा पापुद्रा निघाला. खाली तपकिरी भुगा आणि त्याखाली विणलेले कापड. आता पूर्ण पट्टा सोलवटला आहे आणि रोज कपड्यांना काळे कण चिकटतात.

तक्रारीला आपले उत्तर आले : "पाणी लागल्याने व निगा न राखल्याने नुकसान झाले आहे." हे मला मान्य नाही. कमावलेल्या चामड्याला पाणी लागले तर डाग पडतो, ते कडक होते, फार दुर्लक्ष केले तर तडकते. पण ते कापडावरून सुटून येत नाही, कारण त्याच्यामागे कापड नसतेच. तंतू वरपासून खालपर्यंत एकमेकांत गुंतलेले असतात. आपल्या बॅगेत चामड्याचा चुरा डिंकासारख्या पदार्थाने बांधून कापडावर बसवला आहे आणि वर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर दिला आहे. याला बाँडेड लेदर म्हणतात. तो थर हवेतल्या ओलाव्यानेही कालांतराने विघटित होतो, बॅग कपाटात ठेवली तरी. मग निगा कसली राखायची?

आयएसओ १५११५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, लेदर म्हणायचे तर चामड्याची मूळ तंतुरचना बहुतांशी शाबूत असायला हवी आणि वरचा थर ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. चुरा करून पुन्हा जोडलेला माल या व्याख्येत बसत नाही. बाँडेड लेदर विकण्याला माझी हरकत नाही. तसे लिहिले असते तर मी विचार करून घेतले असते किंवा सोडले असते.

सगळ्यात जास्त वाईट वाटले ते दुकानात. दुकानदारांनी माझ्यासमोर पायपिंग उसवले, कड पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच्या गल्ल्यातून पैसे काढून माझ्यापुढे धरले. मी घेतले नाहीत. चूक त्यांची नव्हती. पण त्यांच्याकडे तीच ती माणसे वर्षानुवर्षे येतात, आणि आपल्या लेबलमुळे त्यांचा शब्द खोटा पडला.

बॅगेची पूर्ण किंमत मला परत करावी. त्या दुकानात उरलेला या बॅगांचा माल आपल्या खर्चाने परत घेऊन दुकानदारांचे पैसे द्यावेत. लेबलवर खरा माल लिहावा. आणि ही बॅग नेमकी कशाची बनवली आहे, ते मला पंधरा दिवसांत लेखी कळवावे. निगेचे कारण पुन्हा देऊ नये.

पावतीची प्रत, लेबलचा आणि उसवलेल्या कडेचा फोटो सोबत जोडला आहे. निघालेला पापुद्रा मी जपून ठेवला आहे. तपासणीसाठी मागितल्यास पाठवीन.

आपली,
एक ग्राहक