हिरागाना ही जपानी लिपी हाताने लिहायला शिकवणाऱ्या सेन्सेईंना

आदरणीय सेन्सेई,

सप्रेम नमस्कार.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने एक वाक्यसुद्धा लिहावं लागत नाही. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं, एवढंच. पुण्यात तुमच्या वर्गाला येणारे आम्ही बहुतेक जण त्या परीक्षेसाठीच आलो होतो आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. तरीही हिरागानाची ४६ अक्षरं तुम्ही आमच्याकडून चौकटींच्या वहीत, पेन्सिलीने, एकेक करून घोटून घेतलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

रेघांचा क्रम कुठल्याही पुस्तकात सापडतो. रेघ संपवायची कशी, हे तुम्ही शेजारी बसून दाखवलंत. तोमे म्हणजे जागच्या जागी थांबायचं, हाने म्हणजे शेवटी झटक्यात उचलायचं, हाराइ म्हणजे दाब कमी करत रेघ सोडून द्यायची. 'ने', 'रे' आणि 'वा' यांची डावी बाजू सारखीच. शेवटी गाठ आली की 'ने', रेघ बाहेर वळली की 'रे', आत वळली की 'वा'. शेवट नीट केला नाही, तर वाचणाऱ्याला अक्षर ओळखता येत नाही.

आणि तो तास! 'ओन्ना', म्हणजे स्त्री, ही कांजी (चिनी लिपीतून आलेलं अक्षर) तुम्ही फळ्यावर आधी सावकाश लिहिलीत, मग भरभर, मग त्याहून भरभर. आणि फळ्यावर हिरागानातला 'मे' उमटला. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी ही अक्षरं अशाच धावत्या हातातून घडली, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पूर्वी एकेका उच्चाराला कितीतरी रूपं होती, १९०० साली शाळांसाठी त्यांतलं एकेकच ठरलं, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून जपानमध्ये सोबा नूडल्सच्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवरची अनोळखी वळणं बघून मी गोंधळत नाही, थांबून बघत राहते.

इथे कामाला आल्यावर तुमची शिकवण रोज उपयोगी पडते. छापील 'कि' आणि 'सा' यांचा खालचा वळसा बऱ्याचदा वरच्या रेघेला जोडलेला असतो, हाताने लिहिताना तो सुटा राहतो. छोट्या खानावळींत भिंतीवर पदार्थांची नावं हातानेच लिहिलेली असतात. ती मला सरळ वाचता येतात, कारण माझा हात तीच वळणं गिरवत आला आहे.

माझी भाची यंदा जपानी शिकायचं म्हणतेय. फोनवर सगळं शिकता येतं, असं तिचं मत. मी तिला तुमचा पत्ता दिलाय आणि चौकटींची वही घेऊनच जा, असं बजावलंय. तिला तुमच्या वर्गात घ्याल ना?

तुमची विद्यार्थिनी