समाचार घेणं म्हणजे काय

फतेगंज, वडोदरा

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून दोन दिवस हे पत्र मनातल्या मनात लिहितेय. फोनवर मी नुसतं "बघू" म्हणाले आणि तुझा आवाज उतरला, ते कळलं मला. जानेवारीत तुमच्या मेलबर्नच्या चर्चच्या मंडळीतली बारा जणं कंबोडियाला निघालीत. सिएम रीपजवळच्या अनाथालयात दहा दिवस राहणार, मुलांशी खेळणार, भिंती रंगवणार, आणि तुलाही त्यांच्याबरोबर जायचंय. तू माझ्याकडे पैसे मागितले नाहीस, प्रार्थना मागितलीस. म्हणून तर "जा हो" म्हणून मला मोकळं होता येत नाही.

तू मला याकोबाच्या पत्रातलं वचन वाचून दाखवलंस, पहिल्या अध्यायातलं सत्ताविसावं. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. आठवतं का, तू तिसरीत असताना रविवारच्या शाळेतून येऊन मला विचारलं होतंस, "आई, समाचार घेणं म्हणजे रागावणं ना? मग देव अनाथांना रागवायला का सांगतो?" तेव्हा मी तुला जवळ घेऊन एवढंच सांगितलं होतं की इथे त्याचा अर्थ भेटायला जाणं असा आहे. ते उत्तर अर्धंच होतं रे. समाचार म्हणजे खबर. समाचार घ्यायचा म्हणजे आधी खबर घ्यायची, हे लेकरू कोण, कुठलं, ह्याच्यावर काय ओढवलं, घरी कोण कोण आहे. मूळ ग्रीक क्रियापदात भेटीबरोबर देखरेखही येते. बिशप ह्या पदाचं नाव त्याच मुळातून आलंय. देवाने आपल्या लोकांची भेट घेतली, असं लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या गातो, तेव्हाही शब्द तोच. आणि ती भेट कशी झाली? योहान सांगतो, त्याने आपल्यामध्ये वस्ती केली.

आणखी एक गोष्ट. त्या वचनात अनाथाच्या शेजारी विधवा उभी आहे. पवित्र शास्त्राच्या काळात बाप गेला की पोर अनाथ, आणि त्या पोराची आई ती विधवा. म्हणजे बहुतेक वेळा याकोब एकाच घरातल्या दोघांबद्दल बोलतोय. आपण मात्र पोराला भेटायला विमानाने जातो आणि त्याच्या आईला विचारतच नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. जगात अनाथ मुलं 14 कोटी, हा 2015 च्या सुमाराचा युनिसेफचा आकडा सगळीकडे सांगतात. पण त्यात एकच पालक गमावलेली मुलंही धरलेली आहेत. दोघंही गेलेली साधारण दीड कोटी. कंबोडियात 1975 ते 1979 ह्या काळात, ख्मेर रूज ह्या जहाल कम्युनिस्ट गटाच्या राज्यात, माणसं लाखांनी मेली, तेव्हा तिथे पोरकी मुलं खरोखरच होती. पण पुढे देश सावरला, अंगकोरची देवळं पाहायला जग लोटलं, आणि 2005 ते 2010 ह्या पाच वर्षांत तिथली बालगृहं 75 टक्क्यांनी वाढली. त्या मुलांपैकी चारांतल्या तिघांचा बाप किंवा आई हयात होती. मग ती मुलं तिथे का? गरिबीपायी. कुणीतरी गावात येऊन सांगतं, मुलाला शिकवू, इंग्रजी येईल, पोटभर जेवेल. आई डोळे पुसून पाठवते. आणि पाहुणे येत राहतात, पैसे देत राहतात, म्हणून खोल्या भरलेल्या ठेवाव्या लागतात. नेपाळातही अशी घरं बहुतेक करून पर्यटक जातात त्याच जिल्ह्यांत आहेत. तू राहतोस त्या ऑस्ट्रेलियानेच 2018 च्या आधुनिक गुलामगिरीच्या कायद्याच्या वेळी मान्य केलं की अनाथालयं भरण्यासाठी मुलं आणणं हा गुलामगिरीचाच प्रकार आहे. असं मानणारा तो पहिला देश. तुमच्या मंडळीत हे कुणाला तरी ठाऊक असेलच.

तुझ्या मित्रांच्या मनात खोट आहे असं मी चुकूनही म्हणत नाही. माझ्या मनात तरी कुठे होती?

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. नाताळच्या आदल्या आठवड्यात आमचा तरुण संघ एका बालगृहात गेला. केक, फुगे, गाणी. चारेक वर्षांचा एक मुलगा आल्या आल्या माझ्या कडेवर चढला. ना ओळख ना पाळख, आणि गळ्यात हात. मला वाटलं, देवाने ह्याला माझ्याकडेच पाठवलंय. निघताना त्याने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. तिथल्या बाईंना त्याचं एकेक बोट उकलावं लागलं. "ताई, परत कधी?" मी म्हणाले, "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी मला वॉर्डात ड्युटी लागली, मग परीक्षा आली, मग लाज वाटू लागली. मी पुन्हा गेलेच नाही. आमच्यानंतर दुसरा गट आला असेल, त्यांच्याही कडेवर तो चढला असेल आणि त्यांनाही हेच विचारलं असेल.

पुढे बालविभागात पस्तीस वर्षं काढली तेव्हा उमगलं. घरातलं लेकरू अनोळखी माणूस दिसला की आधी आईच्या पदराआड जातं, तिथून डोकावतं, मग हळूच हात पुढे करतं. जे मूल कुणाच्याही गळ्यात पडतं त्याला लोक म्हणतात, किती लाघवी! ती भूक असते, बाळा. रुमानियात 1989 साली हुकूमशाही पडली तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांत सापडली. पुढे 2000 साली बुखारेस्टमध्ये अशा 136 लहानग्यांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना पालक-कुटुंबांत, म्हणजे मुलं सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या घरांत, ठेवलं. कुटुंबात गेलेली मुलं, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेली, बुद्धीने आणि मायेने जास्त सावरली. संस्थेतल्या मुलांना अन्न, अंथरूण, औषध मिळत होतं, पण रोज तेच एक माणूस मिळत नव्हतं.

आता मी तुला तुझ्या पणजीचं, म्हणजे माझ्या आजीचं सांगते. तू तिला पाहिलं नाहीस. तिला शंभर वेळा विचारून मी जे जमवलं, ते असं.

ती मूळची गुजरातची. छप्पनिया दुष्काळ पडला, संवत 1956 चा, म्हणजे आपला 1899-1900. ती सहा-सात वर्षांची असेल. आईबाप गेले. पंडिता रमाबाईंच्या माणसांनी त्या दुष्काळात गुजरातेतून मुली आणल्या, त्यांत ती केडगावला मुक्ती मिशनमध्ये पोचली. रमाबाईंनी स्वतःचे आईवडीलही 1874 साली दुष्काळात उपासमारीने गमावले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. केडगावला त्यांनी मुलींना नुसतं जेवू घालून बसवलं नाही. विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना, सगळं शिकवलं. माझी आजी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. म्हातारपणीही उलटी अक्षरं तिला सुलट्यापेक्षा भरभर वाचता यायची. आम्हा नातवंडांना ती कागद आरशापुढे धरून वाचायला लावायची. रमाबाईंचं नाव निघालं की ती हात जोडायची. त्या नसत्या तर मी नसते आणि तूही नसतास. त्यामुळे अनाथांना घर देणं चूक आहे असं तुझी आई म्हणतेय, असं मनातसुद्धा आणू नकोस. ज्याचं खरंच कुणी उरलं नाही त्याला घर द्यावंच लागतं.

पण ऐक. आजीचं लग्न नगरकडच्या घरात झालं, ती मराठी झाली. पुढे माझ्या बाबांना प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि ती म्हातारपणी परत गुजरातेत आली. मी तिच्याबरोबर खंडेराव मार्केटात जायचे. भाजी घ्यायच्या आधी ती भाजीवालीला विचारायची, "बेन, तमारुं गाम कयुं?" डभोई, पादरा, सावली, संखेडा, काहीही उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला: तुमच्या गावात वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे का, आणि वावेपाशी रायणीचं झाड? गुजरातेत वाव नाही असं गाव शोधावं लागेल. तिला गावाचं नाव आठवत नव्हतं. एक भाऊ होता, त्याला ती भाईलो म्हणायची. दुष्काळाच्या गर्दीत तो कुठल्या बाजूला गेला, जगला की मेला, तिला कधीच कळलं नाही. त्या धामधुमीत हजारो माणसं मरत असताना एका पोरीच्या गावाचं नाव कुणी कुठे लिहून ठेवणार? मी कुणाला बोल लावत नाही. पण सत्तर वर्षांनंतरही ती भाजीच्या टोपल्यांमधून भाऊ शोधत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून जेव्हा तू म्हणालास, "तिथली मुलं किती गोड आहेत", तेव्हा माझ्या मनात आलं, त्यांच्या गावांची नावं कुणी लिहिली असतील का?

गेल्या पावसाळ्यात आपल्या मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या आजींची मुलगी आणि जावई दोघंही वर्षाच्या आत गेले. दोन नातवंडं आजींच्या गळ्यात. शेजारचे सगळे म्हणू लागले, टाका आश्रमात, तुमच्याने कुठे होणार. मी आजींना घेऊन पालक माता-पिता योजनेचा अर्ज भरला. गुजरात सरकार अशा अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला दर मुलामागे महिन्याला 3,000 रुपये देतं, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. मृत्यूचे दाखले, शाळेचा दाखला, बँकेचं खातं, पाच हेलपाटे झाले. पोरं आज आजींकडेच आहेत. संध्याकाळी थोरली कपड्यांना घडी घालते आणि धाकटा टेबलाखाली बसून पाढे म्हणतो.

मला त्या दिवशी निर्गमचा दुसरा अध्याय आठवला. फारोच्या मुलीला लव्हाळ्यांच्या पेटीत मोशे सापडला. तिच्याकडे राजवाडा होता, दासी होत्या. पण मोशेच्या बहिणीने दाई आणली ती त्याची सख्खी आईच, आणि फारोची मुलगी तिला म्हणाली, ह्याला माझ्यासाठी दूध पाज, मी तुला वेतन देईन. परक्या देशातल्या श्रीमंत बाईचा पैसा कुठे गेला बघ. आईच्या हातात. आणि लेकरू आईच्या कुशीत राहिलं. तुमच्या मंडळीच्या सभेत हा अध्याय वाच, माझी विनंती आहे.

तू हिशोबातला माणूस आहेस, तर हिशोब माग. त्या घरातल्या किती मुलांची आई किंवा बाप हयात आहे? नातेवाइकांचा शोध घेतला का, कुणी घेतला, कागद कुठे आहेत? गेल्या वर्षात किती मुलं परत घरी गेली? मुलांना रोज सांभाळणारी माणसं किती वर्षं तिथे टिकून आहेत? कुणीही पाहुणा आला तर त्याला मुलांपर्यंत थेट सोडतात का? ज्या घराची नियत साफ आहे ते ह्या प्रश्नांनी दुखावणार नाही. उत्तरं टाळली, तर तुझं उत्तर तुला मिळालंच. आणि बारा जणांची तिकिटं, राहणं-खाणं ह्यांची बेरीज मांडून बघ. तेवढ्या पैशात तिथल्या किती आयांना वर्षभर मूल जवळ ठेवता येईल, हे तिथल्या भाषेत बोलणाऱ्या, तिथेच राहणाऱ्या समाजसेवकांना विचारा. मुलं घरी पोचवण्याचं काम करणारी माणसं कंबोडियातही आहेत. त्यांना तुझ्यासारखा हिशोब तपासून देणारा, तोही वर्षानुवर्षं, लागत असेल. ते तू मेलबर्नला बसून करू शकतोस, आणि मग जायचं झालं तर त्यांच्या कामाला जा. मुलांना जीव लावून दहाव्या दिवशी विमानात बसायला जाऊ नकोस.

फोटोंचंही सांगते. तू पाठवलेल्या पत्रकावर त्या चिमुरडीचा चेहरा आहे. आपल्याकडे 2015 च्या बालन्याय कायद्याने अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. तिची आई कुठेतरी असेल. तिला विचारून छापला का तो? ते पत्रक पुढे कुणाला पाठवू नकोस.

सभेत हे बोलणं सोपं नाही, जाणते मी. पाळकसाहेबांना वाईट वाटेल, मित्र म्हणतील ह्याच्या पोटात दुखतंय. हळू बोल, पण बोल. आधी माझी ओढणीची गोष्ट सांग. माझं नाव घेऊन सांगितलीस तरी चालेल.

सभा रविवारी उपासनेनंतर, बाराला आहे ना? म्हणजे इथे सकाळचे साडेसहा. मी आणि इस्त्रीवाल्या आजी त्या वेळी तुझ्यासाठी प्रार्थनेला बसू. त्या त्यांच्या देवाचं नाव घेतील, मी आपल्या. झालं की लगेच फोन कर. आणि त्या मुलांच्या गावांची नावं कळली तर मला सांग, मी वहीत लिहून ठेवीन.

तुझी,
आई