बिल देण्याआधी नॅस बंद करून बघा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

वळवाचे वारे सुटले की अक्कलकोट रोड एमआयडीसीत लाइट जाते. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी भर घालत नाही. मला बोलायचे आहे ते लाइट परत आल्यावर काय होते याबद्दल. टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांतले संगणक सांभाळणे हा माझा धंदा. सकाळी येणारे बरेचसे फोन एकाच चालीचे असतात: "रात्री लाइट गेलती ओ, आता काम्प्युटर काळा पडदा दाखवून इंग्रजीत पासवर्ड मागतंय. ते लिनक्स काढूनच टाका बगा."

लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली, काढायची गरज नसते. पूर्वी जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, डिझाइन पुठ्ठ्याच्या कार्डांच्या माळेत असायची. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले, डिझाइन फायलीत गेली आणि त्या फायली नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या हार्डडिस्कच्या पेटीत, ठेवायची पद्धत पडली. पद्धत चांगलीच आहे. डिझायनर सोडून गेला तरी डिझाइन कारखान्यात राहते. अडचण एवढीच की लाइट आली की सगळी यंत्रे एकदम चालू होतात, पण तयार एकदम होत नाहीत. एसएसडीचा, म्हणजे वेगवान डिस्कचा, संगणक बघता बघता उभा राहतो, तेव्हा नॅस आपल्या डिस्क तपासत बसलेला असतो. संगणक हाक मारतो आणि तिकडून ओ येत नाही.

मग पुढे काय करायचे, हे एफएसटॅब नावाच्या फायलीतली एक ओळ ठरवते. कोणती डिस्क किंवा फोल्डर कुठे जोडायचा हे त्या फायलीत लिहिलेले असते. फोल्डर एनएफएस किंवा सिफ्स (नेटवर्कवरून फायली वाटायच्या पद्धती) प्रकारचा असेल तर सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्सच्या चालू-बंदचा कारभार बघणाऱ्या प्रोग्रामला, तो नेटवर्कवरचा आहे हे प्रकारावरूनच कळते. पण एका चादर कारखान्यात नॅसची डिस्क आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरची डिस्क संगणकाला स्वतःचीच वाटावी अशा पद्धतीने, जोडून तिच्यावर ईएक्सटी फोर ही फायलींची नेहमीची मांडणी केलेली होती. ओळीत नुसते ईएक्सटी फोर दिसत होते, त्यामुळे सिस्टिमडी तिला संगणकाच्या पोटातलीच डिस्क समजायचा. 90 सेकंद वाट बघायची, डिस्क मिळाली नाही की इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या काळ्या पडद्यावर, जायचे आणि रूटचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड मागायचा. ज्याने हे बसवले होते तो पासवर्ड न सांगता निघून गेला होता, ती गोष्ट वेगळी. त्या ओळीत अंडरस्कोअर देऊन नेटडेव्ह एवढा एक शब्द घातला की सिस्टिमडी आधी नेटवर्क उभे करतो, डिस्कला नंतर हात घालतो. नॅस मिळालाच नाही तर लॉगिन थोडे खोळंबते, पण संगणक अडून बसत नाही.

काही जण यावर सरसकट नोफेल लिहून मोकळे होतात. नोफेल म्हणजे फोल्डर जोडला गेला नाही तरी न थांबता पुढे चला. संगणक झटकन सुरू होतो, मालक खूश. पण नॅस न जोडताच संगणक उभा राहिला, तर त्या नावाचा रिकामा फोल्डर संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असतोच. डिझायनर येतो, टॉवेलची नवी बॉर्डर काढतो आणि नेहमीच्या जागी सेव्ह करतो. फाइल गेली रिकाम्या फोल्डरात. दुपारी कोणीतरी नॅस जोडतो, तो त्याच फोल्डरावर येऊन बसतो आणि बॉर्डर दिसेनाशी होते. मग कोणी डिलीट केली यावरून डिझाइन रूममध्ये भांडण. फाइल कुठे गेलेली नसते, खाली झाकली गेलेली असते. नॅस तात्पुरता सोडवला की दिसते. असे होऊ नये म्हणून नॅस सुटलेला असतानाच त्या रिकाम्या फोल्डराला चॅटर कमांडने कुलूप घालावे. मग नॅस नसेल तेव्हा सेव्हच होत नाही आणि डिझायनर लगेच ओरडतो. मी त्याच्यापुढे जाऊन सिस्टिमडीचे ऑटोमाउंट लावतो. फोल्डर उघडायला गेले की तेव्हाच नॅस जोडला जातो. तो उशिरा जागा झाला तरी संगणक परत चालू करावा लागत नाही.

बंद करतानाची तऱ्हा उलटी. सिस्टिमडी ज्या क्रमाने चालू करतो त्याच्या उलट क्रमाने बंद करतो, म्हणजे आधी फोल्डर सोडायचा, मग नेटवर्क. हे ठीक चालते, पण आपली माणसे क्रम मोडतात. संध्याकाळी संगणकाला शटडाउन दिले की लगेच बोर्डावरचे बटण दाबतात आणि त्याच बोर्डावर नॅस आणि नेटवर्कचा स्विच (सगळ्या यंत्रांच्या नेटवर्क वायरी जोडणारी पेटी) असतात. एनएफएस मुळात हार्ड असते, म्हणजे नॅस उत्तर देईपर्यंत वाट बघत राहणारे. पडद्यावर 'स्टॉप जॉब इज रनिंग' येते, पुढे सेकंद मोजले जातात. इकडे गेट बंद करायची घाई, मग पॉवरचे बटण दाबून धरायचे. न लिहिलेली डिझाइन तिथेच जाते. यावर कोणी सॉफ्ट करून देतो म्हणाला तर नको म्हणा. सॉफ्टमध्ये थोडे थांबून चूक दाखवून सोडून देतात, आणि अर्धीमुर्धी फाइल पूर्ण समजून पुढे जाण्याचा धोका त्यात आहे. वाय-फायवरच्या संगणकाची आणखी एक गंमत. कनेक्शन एकाच युजरच्या नावावर ठेवले असेल तर लॉगआउट होताच नेटवर्क जाते, फोल्डर सोडायच्या आधीच. कनेक्शन सर्व युजरसाठी करून घ्यावे.

मालकांना माझी विनंती अशी. संगणक बसवणाऱ्याचे बिल देण्याआधी त्याच्यासमोर नॅस बंद करा आणि संगणक चालू करून बघा. काळा पडदा आला तर बिल थांबवा. मग नॅस चालू करा. डिझाइनचा फोल्डर आपोआप दिसला पाहिजे. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेची सुट्टी लागते, सगळे बंद होते आणि कारखाना उघडला की एकदम चालू होते. ही परीक्षा तेव्हा होण्यापेक्षा आधी झालेली बरी. नॅस आणि नेटवर्कचा स्विच वेगळ्या बोर्डावर घ्या, रूटचा पासवर्ड आणि एफएसटॅबची ती ओळ कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मालकाच्या कपाटात राहू द्या, बसवणाऱ्याच्या खिशात नको.

आमच्या धंद्यातल्या काही मंडळींना हे आवडणार नाही. जादा वेळ जातो, त्याचे कोण देणार, असे म्हणतील. बिलात लावा की, पण करून द्या.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला,
सोलापूर