डोक्याची मागची बाजू

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पुरवणीत ‘घरच्या घरी केस कापा’ असा सल्ला देणारा मजकूर वाचला. मशीन आणा, आरशासमोर उभे राहा, महिन्याकाठचा खर्च आणि तासभर वेळ वाचवा, असा एकूण सूर. माझं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं, त्यामुळे काय छापलंय यापेक्षा काय गळलंय तिकडे डोळा आधी जातो. या मजकुरात डोक्याची मागची बाजूच गळली आहे.

हे अनुभवाने सांगतो. मशीन मीही आणलं होतं. तीन नंबरची क्लिप लावली की केस साधारण दहा मिलिमीटर राहतात, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. पुढचं आणि बाजूचं जमलं. मागे हात नेला, तिथे क्लिप निसटली, आणि उजव्या कानामागून थेट भोवऱ्यापर्यंत पांढरीफटक पायवाट पडली. स्वतःच स्वतःची बिनपाण्याने करून घेतली म्हणायची. टोपी घालून नेहमीच्या दुकानात गेलो. कारागिरांनी टोपी उचलून बघितलं, “काका, बसा” एवढंच म्हणाले आणि अंगावर कापड टाकलं. पाऊण तास पायवाटेच्या कडा कात्री-कंगव्याने उतरत्या करत होते. मी बाहेर पडल्यावर आतून हशा ऐकू आला, पण मी खुर्चीत असेपर्यंत कोणी हसलं नाही. चांगलं दुकान कशाला म्हणायचं, याचं माझं माप तेव्हापासून हेच आहे.

मला दोन भोवरे आहेत. तिथले केस आखूड केले की ताठ उभे राहतात, म्हणून कारागीर ते तेवढ्या जागी जरा लांब सोडतात. डाव्या कानामागे चामखीळ आहे. मानेवरची लव काढताना वस्तरा तिथे आला की थांबतो, अंगठ्याने कातडी ताणली जाते आणि पातं वळसा घालून पुढे जातं. या दोन्ही गोष्टी मी त्यांना एकदाही सांगितलेल्या नाहीत. ते सुट्टीवर होते तेव्हा एका चकचकीत ठिकाणी वेळ ठरवून गेलो होतो. आधी नाव, मग नंबर, मग ‘कोणती स्टाइल’ असं सगळं विचारलं, आणि चामखीळ कापली. तुरटी मागितली तर तिथल्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू टाक-दौत मागितली.

(वस्तऱ्यावरून आठवलं. कुठेही जा, नवं ब्लेड तुमच्यासमोर कागदातून निघालं पाहिजे. आमच्याकडे ते कागदासकटच मधोमध मोडतात आणि अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतात. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही हे सगळं रक्तातून पसरतं. इथे भीड बाळगू नये.)

पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. दोन वर्षांपूर्वी केस कापून झाल्यावर कारागिरांनी नेहमीसारखा मागे आरसा धरला. एरवी मी न बघताच मान हलवतो. त्या दिवशी आरसा हलेना. माझ्या कानाशी वाकून, बाकावरच्या लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “काका, इथं चाई पडलीय. गेल्या खेपेला नव्हती.” मानेच्या वर, रुपयाएवढी, गुळगुळीत गोल जागा. घरात कोणाच्या लक्षात आली नव्हती. माझ्या येणारच नव्हती. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं, की शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटते तेव्हा असं होतं. इंजेक्शनं झाली, काही महिन्यांनी तिथे आधी पांढरी लव आली, मग केस आले. त्या सगळ्या काळात कारागीर वरचे केस असे सोडायचे, की ती जागा झाकून जायची. केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतात. तेवढ्यात झाकायचं म्हणजे दर खेपेला हिशेब आला.

स्वतःच्या हातची चूक स्वतःला दिसत नाही, म्हणून तर छापखान्यात मुद्रितशोधक ठेवतात. डोक्याच्या मागच्या बाजूचंही तेच आहे.

माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला हे सांगितलं, तर त्याने २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेली एक चाचणी दाखवली. लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांत, रक्तदाब वाढलेल्या ३१९ ग्राहकांवर ती झाली. काही दुकानांत कारागिरांनी नुसतं ‘डॉक्टरांना भेटा’ असं बजावलं. बाकीच्या दुकानांत औषधतज्ज्ञ तिथेच येऊन रक्तदाब मोजत आणि औषध सुरू करत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी ९ने उतरला, दुसऱ्याचा २७ने. भाच्याला त्यात औषधतज्ज्ञ महत्त्वाचा वाटतो. मला वाटतं, दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस त्या खुर्चीत निमूट मान खाली घालून बसतो, हेही मोजायला हवं. तसं हे नातं जुनंच. इंग्लंडमध्ये १५४० ते १७४५ अशी दोनशे वर्षं न्हावी आणि शल्यवैद्य एकाच संघात होते.

राहता राहिला तो वाचवायचा तासभर. आमच्या दुकानात आपलाच अंक येतो आणि दहा मिनिटांत त्याची पानं सुटी होतात. बाकावरच्या चौघांकडे चार पानं. अग्रलेखाचा शेवट ज्याच्याकडे असतो, त्याचा नंबर नेमका आधी लागतो आणि तो पान घेऊनच खुर्चीत बसतो. मग त्याने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी वाद घालायचा. कारागीर बोलत नाहीत. वाद फारच तापला, तर मान सरळ करतात.

ता.क. : त्या मजकुरात ‘कल्ले’ दोन ठिकाणी ‘किल्ले’ असे पडले आहेत. ‘मशीनने दोन्ही किल्ले समान उंचीवर आणावेत’ हे वाक्य दुकानात तीनदा वाचून झालं.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक