मुलांना विचारलंय का?

मा. संपादक,

आरोग्य संशोधनात किशोरवयीन मुलं येत नाहीत, ही संशोधकांची नेहमीची तक्रार. पण कायदेशीर संमती पालकांची लागते, म्हणून सगळं बोलणं पालकांशी होतं आणि मुलापुढे शेवटी नुसता कागद सरकवला जातो. मग उत्साह येणार कुठून?

ही मुलं हवीत, कारण मोठ्यांचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वयात येताना शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं, त्यामुळे टाइप 1 मधुमेहात मात्रा वाढवावी लागते. उलट गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या एचपीव्ही लशीचे तीनऐवजी दोन डोस 9 ते 14 या वयात पुरतात, हे त्या वयाच्या मुलामुलींचं रक्त तपासल्यावरच कळलं.

सुईची भीती खरी असते. नुसतं ‘थोडंसंच रक्त’ म्हणू नका, आकडा सांगा. युरोपीय मार्गदर्शनानुसार संशोधनासाठी एका वेळी शरीरातल्या रक्ताच्या 1 टक्का आणि चार आठवड्यांत 3 टक्के, यापलीकडे जायचं नाही. किलोमागे 80 मिलि रक्त धरलं, तर 45 किलोच्या मुलासाठी एका वेळची मर्यादा 36 मिलि होते. बधिर करणारं मलम तासभर आधी लावावं; ऐनवेळी लावलेलं काम करत नाही. पहिल्याच खेपेला दुखलं तर मूल दुसऱ्या खेपेला कशाला येईल?

माहितीपत्रक छापण्याआधी त्याच वयाच्या चार-पाच जणांकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे ते अडखळतील, ते वाक्य बदला. ‘यादृच्छिक वाटप’ कोणाला कळणार? ‘कोणत्या गटात जाल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल, आणि तुमच्या गोळीत औषध नसूही शकेल’ असं लिहा.

व्यसन, लैंगिकता, मनःस्थिती यांवरचे प्रश्न पालकांसमोर विचारले तर उत्तरं साळसूद येतात. मुलाशी एकट्याने बोला. मात्र जिवाला धोका दिसला तर गुप्तता पाळता येणार नाही, हे आधीच सांगा.

सहभागाबद्दल शाळेत शिक्षकांनी विचारू नये. त्यांना ‘नाही’ म्हणणं मुलांना जड जातं. प्रवासखर्च त्याच दिवशी द्यावा, पण मोठं बक्षीस नको, तोही एक दबावच. नकाराचं कारण विचारू नये आणि त्यामुळे उपचारांत फरक पडू देऊ नये.

अठरा वर्षं पूर्ण होताच, अभ्यास सुरू असेल तर त्या व्यक्तीची स्वतःची संमती नव्याने घ्यावी, साठवलेल्या नमुन्यांसाठीसुद्धा. दीर्घकालीन अभ्यासात हे सहज निसटतं, म्हणून अठरावा वाढदिवस पहिल्याच भेटीत नोंदवहीत लिहून ठेवावा.

– किशोर आरोग्य संशोधनात काम करणारे काही वाचक